आधी पाणी, मग वस्तरा

दाढी हे वस्तऱ्याचे काम असे आपण समजतो. खरे म्हणजे निम्मे काम पाण्याचे असते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात न्हाव्याला म्हाली म्हणत. ते घरी येत, धोकटी उघडत आणि वाटीत पाणी मागून घेत. वाटी अर्थातच पितळेची. भंडाऱ्याची ओळखच पितळी भांड्यांची. मग ओल्या बोटांनी गाल आणि हनुवटी चोळत राहत. कुणी घाई केली, तर "जरा मुरू द्या" एवढेच म्हणत.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. पाणी आत शिरले की त्यातले काही बंध सैल होतात, केस फुगतो, मऊ पडतो आणि कापायला जोर कमी लागतो. याला दोन-तीन मिनिटे लागतात. साबणाचा फेस तेलकटपणा काढतो आणि ओल धरून ठेवतो. केस मऊ असला तरी तो पोलादालाही जुमानत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दाढीच्या केसाने पात्याच्या धारेचे बारीक टवके उडालेले दिसले. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पुन्हा पुन्हा घासणारे आपले कारागीर उगाच वेळ घालवत नव्हते.

पण या कामात पाणी आहे आणि स्पर्श आहे. आपल्या समाजात नेमका याच दोन गोष्टींवर पहारा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या बालपणाची आठवण लिहून ठेवली आहे. गावात न्हावी होते, घरी पैसेही होते; तरी अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नसे. हे काम त्यांची मोठी बहीण करी. न्हाव्यालाच दोष देऊनही भागत नाही. तो स्वतः बलुतेदार. वर्षाचे धान गावाच्या मर्जीवर. विटाळाचा ठपका आला, तर बाकीची घरे तुटत.

हेच बाबासाहेब पुढे घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी 'दुकान' या शब्दाचा अर्थ समजावून देत होते. मागेल त्याला आपली सेवा द्यायला मालक जिथे बसतो, ते दुकान, असा त्यांचा व्यापक अर्थ होता. अर्थात केशकर्तनालयही त्यात आले. १९५४ मध्ये ते आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. पुढच्याच वर्षी अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. अस्पृश्य म्हणून सेवा नाकारणे त्याने शिक्षापात्र केले. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

आज सलूनमध्ये फवारा आहे, क्रीम आहे, दर गिऱ्हाइकाला नवे पाते आहे. तरीही देशाच्या काही भागांतून दलितांना खुर्ची नाकारल्याच्या बातम्या येतात. गालावर दोन मिनिटे पाणी मुरू देणे ही केवढी साधी गोष्ट! तेवढ्या सुखासाठीही या देशात कायदा करावा लागला, हे आरशासमोर उभे राहताना आठवावे. आणि घाई करू नये. जरा मुरू द्यावे.