पाचशे मिलिलीटरची बाटली आणि कस्टम्सची यादी

मुलुंड चेक नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, ते दिवस उपनगरात वाढलेल्यांना आठवत असतील. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. नाक्यावरचा मूळ प्रश्न मात्र गेला नाही: गाडीत आहे ते नेमकं काय, आणि ते यादीतल्या कोणत्या ओळीत बसतं? अंधेरीला सहारच्या एअर कार्गोमध्ये परदेशातून आलेल्या मालाला आजही हाच प्रश्न विचारला जातो. उद्या तुम्ही पीएचडीसाठी मागवाल त्या रसायनालाही.

ही यादी आली कुठून? पूर्वी जवळपास प्रत्येक देशाची आपली वेगळी यादी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपीय देशांनी ब्रुसेल्समध्ये एक समान यादी तयार केली. भारताचा १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा तिच्यावरच बेतलेला. १९८३ मध्ये ब्रुसेल्सलाच 'हार्मोनाइज्ड सिस्टिम'चा करार झाला आणि १ जानेवारी १९८८ ला तो अमलात आला. आपण मात्र १९८६ मध्येच ही नवी मांडणी स्वीकारली होती. कोडचे पहिले सहा अंक सगळ्या सदस्य देशांत सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. भारत २००३ पासून आठ अंक वापरतो.

वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणात वेगवेगळ्या देशांचे अधिकारी एकत्र बसतात, तेव्हा शिकण्याचा गाभा असतो तो यादी वाचायचे सहा नियम. यादी पाठ करून भागत नाही, कारण एकच वस्तू दोन ओळींत बसू शकते. सायन्सवाल्यांना प्रकरण २८ आणि २९ मध्ये घरी आल्यासारखं वाटतं: निश्चित रचनेची शुद्ध संयुगं. पण पॅरासिटामॉलची पावडर २९ मध्ये आणि त्याची गोळी ३० मध्ये. रेणू तोच, प्रकरण वेगळं!

याचं आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण नागपूरचं. बैद्यनाथचं 'दंतमंजन लाल' हे आयुर्वेदिक औषध की दात घासायची पावडर? वाद कस्टम्सचा नव्हता, केंद्रीय उत्पादन शुल्काचा होता. पण १९८६ पासून त्या यादीचा सांगाडाही हाच. कंपनीने आयुर्वेदाच्या ग्रंथांचा आधार दिला. सुप्रीम कोर्टाने पाहिलं ते गिऱ्हाईक त्याला काय समजतं ते, आणि १९९५ मध्ये ठरवलं की ही टूथ पावडरच. मधल्या काळात यादी बदलली म्हणून कंपनी पुन्हा लढली, तरी २००९ मध्ये निकाल तोच. गंमत म्हणजे विकोच्या वज्रदंतीला आणि टर्मरिक क्रीमला त्याच कोर्टाने औषध मानलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. पुरावा कोणी कसा मांडला यावर किती अवलंबून असतं ते कळतं.

आता आपल्या पोटावर आलेली गोष्ट. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झालं. लॅबांमध्ये हाहाकार उडाला. रोख होता डिनेचर न केलेल्या एथिल अल्कोहोलवर, जे या ओळीतून आणलं जात होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला ते अल्कोहोल वगळून, स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या बाकी रसायनांना दर पुन्हा १० टक्के केला गेला.

हे का घडलं, ते ९८०२ ही ओळ वाचली की समजतं. प्रकरण ९८ आंतरराष्ट्रीय यादीत देशांना स्वतःच्या सोयीसाठी मोकळं ठेवलेलं आहे. तिथे भारताने लिहिलेली व्याख्या म्हणते: कोणतंही रसायन, सेंद्रिय असो वा असेंद्रिय, पॅकिंग ५०० ग्रॅम किंवा ५०० मिलिलीटरपर्यंत, आणि शुद्धता, खुणा वगैरेंवरून फक्त प्रयोगशाळेसाठीच आहे असं ओळखता येणारं. म्हणजे ही ओळ पदार्थाची नाहीच, बाटलीची आणि वापराची आहे. माझ्या मते चूक दराच्या आधी ओळीत होती. एका आकड्याखाली अल्कोहोलही आणि तुमचा महागडा अभिकर्मकही. दर वाढवला की दोघांचाही वाढणार.

आयातीच्या आकडेवारीवर काम करणार असाल तर आणखी एक. सहा अंकी यादी १९९६, २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. तुमच्या तक्त्यातला कोड कोणत्या आवृत्तीतला आहे, ते स्तंभाच्या डोक्यावरच लिहून ठेवा. २०२४ च्या त्या काही दिवसांची नोंदही वेगळी ठेवा.