सहा व्होल्टचा हॉर्न

आमच्या सातारा-सांगली भागात ‘भोंगा’ हा शब्द फार सैल वापरतात. साखर कारखान्याची पाळी बदलली की वाजतो तो भोंगा. जुन्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाताशी रबरी फुगा असायचा, दाबला की ‘पों’ करायचा, तोही भोंगा. कडेगाव तालुक्यात मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता टीव्ही-मोबाइल बंद करायची आठवण म्हणून वाजवतात, तोही भोंगाच. आमच्या तात्यांच्या जीपला जो होता त्याला मात्र सगळा गाव ‘हारन’ म्हणायचा. कारण तो विजेवर चालायचा, आणि गावात वीज यायच्या आधी आलेली विजेवरची ती पहिली वस्तू.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. गाव तासगाव तालुक्यातलं. हा भाग तेव्हा साताऱ्यातच मोडायचा. १९४९ साली जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. आजोबा शेवटपर्यंत ‘आमचा सातारा जिल्हा’ असंच म्हणत राहिले. पत्री सरकारच्या दिवसांत, म्हणजे १९४३ ते ४६ मध्ये, क्रांतिसिंह नाना पाटलांची माणसं गावोगाव यायची. आजोबा सांगायचे, त्या काळात मोटारीचा आवाज आला की पोलीस आले असंच समजायचं. शाळकरी पोरंसुद्धा लांबून लॉरीचा आवाज ओळखायची आणि ज्याला कळवायचं त्याला कळवायची. मोटार आपल्याकडं भल्यासाठी येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मोटार आली की माणसाला बाजूला सारायचा प्रश्न आलाच. विलायतेत १८६५ च्या कायद्यानं वाफेच्या गाडीपुढं माणूस लाल निशाण घेऊन चालायचा. पुढं घंट्या आल्या, शिट्ट्या आल्या, रबरी फुगे आले. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत मिलर रीस हचिसन नावाच्या माणसाचा क्लॅक्सन बाजारात आला. त्यात एक छोटी मोटर दातेरी चाक फिरवायची. पातळ पत्र्याच्या मधोमध एक खिळा बसवलेला असायचा, चाकाचे दाते त्या खिळ्यावर घासायचे आणि पत्रा ‘आऽऽहूगा’ असा ओरडायचा. गंमत म्हणजे याच हचिसननं आधी बहिऱ्यांसाठी ऐकायचं यंत्र काढलं होतं. ते खपावं म्हणून यानं हॉर्न काढला, असा विनोद लोक करायचे. पहिल्या महायुद्धात हेच क्लॅक्सन खंदकात विषारी वायूचा इशारा द्यायला वाजवले गेले. नंतर मोटर आणि दातेरी चाक दोन्ही नको, नुसत्या लोहचुंबकावर पत्रा थरथरवणारा स्वस्त हॉर्न आला. आज स्कूटरपासून ट्रकपर्यंत विजेचा साधा हॉर्न दिसतो तो त्याच जातीचा. आमच्या जीपचाही तसलाच.

ही जीप म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धात सहा लाखांवर जीपा काढल्या. युद्ध संपल्यावर लष्करानं पुष्कळ गाड्या लिलावात काढल्या. त्यातली एक दोन-तीन हात फिरून १९५६ साली तात्यांकडं आली. डाव्या बाजूला स्टिअरिंग, साठ घोड्यांचं पेट्रोल इंजिन, आणि सगळी वीज सहा व्होल्टची. शेतकऱ्याला एवढ्या पेट्रोलच्या गाडीचं काय काम, असं भावकी म्हणायची. तात्यांचं उत्तर ठरलेलं, “बैलगाडीनं मिरजंला जायला रात लागती. तवर माणूस टिकतंय का?”

मिरजेला म्हणजे वानलेस डॉक्टरांच्या दवाखान्यात. मिशनचा तो दवाखाना १८९४ पासूनचा. कवलापूर, बुधगाव करत सांगलीवरून मिरज. अडलेली बाई, पान लागलेला गडी, मोटेवरून पडलेला म्हातारा, सगळे त्या जीपच्या मागच्या फळीवर गोधडीत गुंडाळून गेले. रात्री जाताना तात्या वेशीपासून हॉर्न दाबत निघायचे. लोक अंथरुणातच म्हणायचे, “कुणाला तरी मिरजंला चालवलंय.” परत येताना हॉर्न वाजला तर माणूस सुखरूप आहे असं समजायचं. न वाजवता जीप आली, तर बायका आधीच चुलीवर पाणी ठेवायच्या.

मला त्या हॉर्नची सगळ्यात पक्की आठवण आहे ती कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार-सव्वाचारचा सुमार. मी आठ वर्षांचा. आमची घरं माळवदाची, वर हातभर माती. भांडी फळीवरून पडली, गोठ्यात दावी तुटली, आणि आईनं मला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं. कोयनानगरला काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याकडं दोन भिंती ढासळल्या, माणूस कुणी गेलं नाही. खरी भीती पुढची होती. थंडी कडाक्याची, त्यामुळं धक्का थांबल्यावर लोक लेकरं घेऊन परत आत जायला लागले. तात्यांनी जीप काढली, गावाला दोन फेऱ्या मारल्या, मग मळ्यातल्या वस्त्यांवर गेले. हॉर्न दाबायचा, माणूस बाहेर आलं की ओरडून सांगायचं, “माळवदाखाली झोपू नका, जाळ करून उघड्यावर बसा.” उजाडेपर्यंत हा आवाज एकदा ओढ्याकडनं, एकदा डोंगराकडनं येत होता. धक्के त्यानंतरही बसतच राहिले. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीत सुरुंग लावायच्या आधी माणसं लांब काढायलाही हाच हॉर्न तीनदा वाजायचा.

आवाज कसा निघतो ते मला फार पुढं कळलं. मी १९७५ ला दहावीच्या पहिल्या बॅचला बसलो. विज्ञानाच्या पुस्तकात विजेच्या घंटेचं चित्र होतं. हॉर्न म्हणजे तीच घंटा, फक्त टोला नसलेली. आत तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यापुढं पोलादी पातळ चकती, चकतीच्या मधोमध लोखंडाचा तुकडा. बटण दाबलं की कॉइल चुंबक होते, लोखंड ओढते, आणि ओढल्या ओढल्या दोन पॉईंट एकमेकांपासून सुटतात. करंट तुटतो, चकती माघारी जाते, पॉईंट पुन्हा चिकटतात. हे एका सेकंदात शेकडो वेळा. ती थरथर म्हणजे हॉर्नचा आवाज. बटणाची तार स्टिअरिंगच्या दांड्यातून येते. आत तिचं रबर झिजून ती पत्र्याला टेकली की बटण न दाबताच हॉर्न चालू. एका वरातीत असा तो लागला, तर नवरदेवाच्या गाडीचे बैल सरळ उसात शिरले होते.

ऐंशीच्या सुमारास सहा व्होल्टची बॅटरी मिळेना, म्हणून एका गॅरेजवाल्यानं जीपला ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी जोडून दिली. दिवे बदलले, हॉर्न तोच ठेवला. व्होल्ट दुप्पट झाले की करंट दुप्पट आणि उष्णता चौपट. महिन्याभरात कॉइल जळाली. मग ट्रॅक्टरचा हॉर्न बसला आणि मूळचा हॉर्न माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात गेला, नांगराच्या बोल्टांबरोबर. तात्या गेल्यावर जीपही कडब्याखाली गेली.

तिचा विषय निघाला तो वाटणीत. चार चुलतभाऊ, जीप एक. एकाचं म्हणणं भंगारात घाला, दुसऱ्यानं पुण्याचं गिऱ्हाईक आणलेलं. पुतण्यानं तिसरीच गोष्ट काढली. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केलाय. गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल, तर तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नोंदणीची फी वीस हजार. रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामालाच रस्त्यावर आणायची. नियमात चासी, बॉडी, इंजिन यांचं नाव आहे, हॉर्नचं नाही. पण चुलतीनं, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, वय सत्त्याऐंशी, एकच अट घातली, “इका न्हाईतर ठिवा. पर आदी त्येचा आवाज मला ऐकवा.” म्हणून काम हॉर्नपासून सुरू झालं.

कडेचे स्क्रू गंजून एकजीव झालेले. रॉकेलात दोन दिवस बुडवून ठेवले तेव्हा कुठं हलले. झाकण काढलं तर आत कुंभारमाशीचं घर. चकतीला गंज होता पण चीर नव्हती, हे नशीब. चकतीला चीर गेली की हॉर्न संपला, कारण तेवढ्या जाडीचं तसलं पोलाद कुठून आणणार? कॉइल काळी कोळसा. ती आम्ही विहिरीच्या मोटारी भरणाऱ्याकडं नेली. पाण्याची मोटार जळली नाही असा शेतकरी आमच्याकडं नाही, त्यामुळं मोटार भरणारा दर चार गावांत एक आहे आणि त्याचा हात मोठ्या कारखान्यातल्या माणसापेक्षा बसलेला आहे. त्यानं जळकी तार उलगडत वेढे मोजले, गेजनं तारेची जाडी बघितली. म्हणाला, “आप्पा, तार जाड हाय आन वेढं कमी. हे सहा व्होल्टचंच हाय. बाराची भरू का?” मी नको म्हणालो. जुना डायनामो माळ्यावर होताच, तोही दुरुस्त करून सगळी गाडी परत सहावर आणायची असं ठरलं. त्यानं तेवढेच वेढे, त्याच दिशेनं भरले, वार्निश पाजलं, उन्हात वाळवलं. पॉईंटला खड्डे पडलेले, ते बारीक पॉलिश पेपरनं सपाट केले. पॉईंटची ठिणगी मारणारा कंडेन्सर नवा घातला. गॅसकेट जाड कागदाची, घरीच कापली.

शेगड्यात धरून बॅटरी जोडली तर नुसतं ‘टक’. मागचा स्क्रू पाव आटा फिरवला, ‘घर्र’. अजून पाव आटा, आणि आवाज आला. जास्त आवळला तर पॉईंट सुटतच नाहीत, कॉइल नुसती तापते. सैल सोडला तर चकतीला जोर मिळत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी तंबोऱ्याची जवारी काढताना बघितलेली आहे. घोडी कानसायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानसायची. त्याला मापाची पट्टी नाही, कान हीच पट्टी. हॉर्नचंही काम तसंच आहे, असं मी म्हटलं तर मोटार भरणारा हसला. मला मात्र भजनात वीस वर्षं पेटीवाल्याशेजारी बसल्याचा तिथं उपयोग झाला.

हल्लीच्या गाड्यांना ही कटकट नाही, हॉर्न बिघडला की दुसरा टाकायचा. खंबाटकीच्या घाटात उभं राहून ऐका, दहा सुरांचे कर्णे ऐकू येतात. १९८९ च्या मोटार नियमांत असल्या अनेक सुरांच्या आणि कर्कश हॉर्नला बंदी आहे, आणि ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ही महाराष्ट्रात २०१५ ला बंद केलं. नियम कागदावर आहे, कान आपले आहेत.

जीपवर बसवल्यावर चुलतीला खाटेसकट अंगणात आणलं. पुतण्यानं बटण दाबलं. तिनं मान हलवली, “चिरकतोय. ह्यो न्हवं.” शेगड्यात बरा वाजणारा हॉर्न गाडीवर का चिरकतो ते शोधायला अर्धा दिवस गेला. हॉर्न ज्या पट्टीवर बसतो तिचा एक बोल्ट वायसरशिवाय होता, त्यामुळं पट्टीच थरथरत होती. वायसर घातला, बोल्ट आवळला, मागचा स्क्रू केसभर सैल केला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ती काही बोलली नाही. जरा वेळानं विचारलं, “मिरजंला कोण चाललंय?”

पुण्याच्या गिऱ्हाइकाला पुतण्यानं फोन करून नको म्हणून सांगितलं. भंगारवाल्या भावाला त्याच्या हिश्शाचे पैसे बाकीच्यांनी द्यायचे ठरलं. त्यातले निम्मे दिलेत, निम्मे उसाचं बिल आल्यावर. नोंदणीचे कागद भरलेत. हॉर्न दर आठवड्याला एकदा दाबावा लागतो, नाहीतर पॉईंटवर किटण चढतं. ते काम गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मी करतो.