पडद्यामागचे मेस्त्री

आमच्या लहानपणी गणपतीच्या दिवसांत एक रात्र तरी सिनेमाची असायची. रस्त्याच्या मधोमध दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणायचा, पलीकडे टेबलावर सोळा मिलिमीटरचे मशीन, आणि दोन्ही बाजूंना पोती अंथरून गाव बसलेले. समोर जागा मिळाली नाही की आम्ही पोरे पडद्याच्या मागच्या बाजूला जायचो. तिथूनही चित्र दिसते, फक्त उलटे. नायक डाव्या हाताने तलवार चालवायचा. सुरुवातीची नावे आरशात दिसावी तशी उलटी यायची आणि ती भराभर वाचण्याची आमची पैज लागायची. नायक-नायिकेचे नाव ओळखीचे, ते चटकन लागायचे. पण मागाहून येणारी ‘ध्वनिलेखन’, ‘कलादिग्दर्शन’, ‘रसायनशाळा’ या शब्दांखालची नावे वाचून होण्याआधीच निघून जात. रसायनशाळेचा सिनेमाशी काय संबंध, हा प्रश्न तर मला पुष्कळ वर्षे पडला होता.

मंडळाने यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ती न वाचता आलेली नावे आठवली. थोडे वाचन केल्यावर लक्षात आले की या माणसांचा इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही. त्याचा एक धागा हुबळीतून निघतो आणि आपल्या अळणावर स्टेशनवरून पुढे जातो.

हुबळीचे दोन पत्ते त्यासाठी सांगायला हवेत. पहिला नाटकाचा. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ ही नामांकित नाटक मंडळी १ जानेवारी १९०८ रोजी स्थापन झाली ती हुबळीत. मंडळी काढणारे केशवराव तेव्हा पुरते अठरा वर्षांचेही नव्हते. त्या काळात कानडी मुलखात मराठी संगीत नाटकाला केवढा मान होता, हे यावरून कळावे. दुसरा पत्ता रेल्वेच्या कारखान्याचा. सदर्न मराठा रेल्वेने हुबळीला १८८५ मध्ये वर्कशॉप उभे केले. आसपासच्या कितीतरी घरांतली पोरे तिथे फिटर, टर्नर, लोहार झाली. नाटकाचा रंगवलेला पडदा आणि वर्कशॉपमधली कानस, या दोन गोष्टींच्या मिलाफातून आपला सिनेमा जन्मला असे मी म्हणतो, ते उगाच नव्हे.

या वर्कशॉपमध्ये कोल्हापूरकडून आलेला एक पोरगा उमेदवारी करत होता. दिवसा रेल्वेचे काम आणि संध्याकाळी गावातल्या पत्र्याच्या शेडमधल्या सिनेमागृहात पडेल ते काम. दारावर उभे राहा, सामान उचल, पाट्या रंगव. त्याआधी तो वर्षभर गंधर्व नाटक मंडळीतही राहून आला होता. हा पोरगा म्हणजे शांताराम राजाराम वणकुद्रे, पुढचे व्ही. शांताराम. जन्म १९०१ चा. थोर दिग्दर्शक म्हणून सगळे त्यांना ओळखतात, पण सिनेमाशी त्यांची पहिली गाठ पडली ती हुबळीच्या थिएटरच्या दारात, कामगार म्हणून. त्या दिवसांत देशी चित्रपट म्हणजे मुख्यतः दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट, तेव्हा आधी फाळक्यांच्या घरात डोकावून येऊ.

दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, ही तारीख शाळेतली मुलेही सांगतात. पण तो चित्रपट दादरच्या ज्या घरात तयार झाला, त्या घरातल्या सरस्वतीबाई फाळक्यांबद्दल आपण कमी बोलतो. दागिने गहाण टाकले, एवढे एक वाक्य सांगून त्यांना रजा देतो. वास्तविक त्या या देशातल्या पहिल्या चित्रपट तंत्रज्ञांपैकी होत्या. त्या वेळी परदेशातून येणारी कच्ची फिल्म कोरी असे, कडेला भोके नसत. ती भोके पाडल्याशिवाय फिल्म कॅमेऱ्याच्या दात्यांवर चढत नाही. दादासाहेबांनी लंडनहून कॅमेऱ्याबरोबर भोके पाडण्याचे यंत्रही आणले होते, आणि ते काम सरस्वतीबाई रात्री, अंधारात, केवळ हाताच्या अंदाजाने करत. उजेड लागला तर फिल्म वाया.

मी जरा हिशेब मांडून पाहिला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके आणि एका फुटात सोळा चित्रे. म्हणजे फुटाला एका कडेची चौसष्ट भोके. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. एकाच कडेची भोके दोन लाख छत्तीस हजारांवर जातात. दोन्ही कडा धरा, वाया गेलेले तुकडे धरा, निगेटिव्हवरून काढायची प्रत धरा. यंत्र असले तरी फिल्म सरळ सरकवायची ती माणसाच्या बोटांनीच. आणि हे सगळे दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकल्यावर. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड टाकायलाही त्याच उभ्या राहत. फिल्म धुण्याची रसायनेही त्या कालवत. माझ्या लहानपणीच्या ‘रसायनशाळा’ या कोड्याचे उत्तर मला सरस्वतीबाईंच्या स्वयंपाकघराशेजारी सापडले.

त्या काळी सिनेमात काम करणे हलके समजत. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगत की कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत म्हणावे. विनोद म्हणून हे सांगतात, पण मला ते अगदी खरे वाटते. तो कारखानाच होता. तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला आचारी अण्णा साळुंके तारामती झाला, हे आपण ऐकलेले असते. तोच साळुंके पुढे कॅमेरा चालवायला शिकला आणि छायाचित्रणकार झाला, हे फारसे कोणी सांगत नाही.

आता कोल्हापूर. तिथे आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ असलेले दोन चित्रकार होते. आडनाव मेस्त्री. घरात सुतारकी, लोहारकी, चित्रकला, मूर्तिकाम सगळेच. १९१० ते १९१६ या काळात नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवणारे म्हणून दोघांचे नाव मराठी आणि पारशी-गुजराती रंगभूमीवर दुमदुमत होते, आणि त्यावरूनच मेस्त्रींचे ‘पेंटर’ झाले. फाळक्यांचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी ठरवले की आपणही काढायचा. पण कॅमेरा? विकत घेण्याची ऐपत नाही, आणि पुढे महायुद्ध सुरू झाल्यावर विलायतेहून माल मिळणेही कठीण. त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला, तो उघडला, आणि त्यावरून कॅमेरा बनवायला घेतला.

ज्यांनी कधी यंत्राचे काम केले नाही, त्यांना यात काय विशेष असे वाटेल. मी पदविकेला असताना यंत्रशाळेत एक साधा दाता बसवायला दोन दिवस घेतले होते आणि तरी तो अडकायचाच, म्हणून थोडे समजावून सांगतो. सिनेमाची फिल्म सरळ वाहत नाही. ती दर सेकंदाला पंधरा-सोळा वेळा पूर्ण थांबते आणि पुन्हा पुढे सरकते. थांबलेली असताना झडप उघडते आणि चित्र उमटते, सरकताना झडप बंद. हँडल मात्र हाताने सतत गोल फिरवायचे. म्हणजे अखंड फिरणाऱ्या गतीतून थांबत-थांबत चालणारी गती काढायची, आणि तीही इतकी नेमकी की प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्याच जागी यावे. केसाएवढी चूक झाली तर पडद्यावर सगळा महाल थरथरतो. प्रोजेक्टर उजेड बाहेर फेकतो आणि कॅमेऱ्यात मात्र बाहेरचा उजेड तसूभरही शिरता कामा नये, तेव्हा नुसती नक्कल करून भागत नाही. हे सारे मोजमापांची पुस्तके नसताना, कोल्हापुरातल्या लेथवर आणि कानशीवर करायचे होते.

आनंदराव १९१६ मध्ये वारले. कॅमेरा अर्धवट राहिला. बाबूरावांनी तो सोडला नाही. पडदे रंगवायला शिकण्यासाठी आलेला पेणचा एक तरुण, विष्णुपंत गोविंद दामले, हाताखाली होता. या दोघांनी मिळून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेने कर्जाऊ पैसे दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. एका गाणाऱ्या बाईच्या पैशावर आणि मेस्त्रीच्या कानशीवर उभी राहिलेली कंपनी! त्या कॅमेऱ्याने घेतलेला ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की तो भाग कापायला लावला गेला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

त्या कीचकवधात नट किती आणि लाकूड, लुगदी व रंग किती, याचा विचार कोणी करत नाही. नाटकात महाल म्हणजे रंगवलेला पडदा. स्वतः पडदे रंगवून नाव मिळवलेल्या बाबूरावांनीच सिनेमात तो पडदा काढून टाकला आणि चहूबाजूंनी फिरता येईल असे घडीव नेपथ्य उभे केले. दृश्य घेण्याआधी ते त्याची चित्रे काढून ठेवत, त्यावरून सुतार, शिंपी आणि कॅमेरावाला कामाला लागत. आपल्याच धंद्यातली हुकमी विद्या बाजूला ठेवायला मोठी छाती लागते. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांवर चित्रीकरण केले. तोवर सगळा कारभार सूर्यनारायणावर अवलंबून, ढग आला की कंपनी बसून.

१९२० च्या सुमारास हुबळीचा शांताराम या कंपनीत आला. आतेभाऊ-मामेभाऊ कोण कसे म्हणत बसत नाही, पण नात्यातले बाबूराव पेंढारकर तिथे आधीच होते, त्यांनी वाट दाखवली. हुबळीहून कोल्हापूरला जायचे तर गाडी धारवाड, अळणावर, लोंढा, बेळगाव करत मिरजेला. आपल्या फलाटावर त्या दिवशी गाडी किती वेळ थांबली कोण जाणे. कोल्हापुरात त्यांना काय काम मिळाले? सगळेच. झाडणे, सामान वाहणे, फिल्म धुणे, कॅमेऱ्याला हात लावणे, आणि नट कमी पडला तर मिशी लावून उभे राहणे. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये ते सावकाराने नागवलेला शेतकरी झाले.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. भागीदार पाच. त्यातले सीतारामपंत कुलकर्णी भांडवलवाले. बाकीचे चौघे, शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर, हे सगळे महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडद्यामागे तयार झालेले. एखाद्या नामांकित कंपनीचे मालकच कॅमेरा, नेपथ्य आणि यंत्रे सांभाळणारे कामगार असावेत, हे तेव्हाही विरळ होते आणि आजही आहे. फत्तेलाल हे कागलचे, सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. नेपथ्य त्यांचे. दामल्यांनी बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रण अंगावर घेतले.

१९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे. तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती, नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे आणि तबला-ऑर्गन चित्रात दिसणार नाहीत असे कुठेतरी आडोशाला वाजायचे. मायक्रोफोन लपवायचा. पंखा बंद. कोणी शिंकले की सगळे पहिल्यापासून. पडदे रंगवणाऱ्या दामल्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर हे नवे शास्त्र शिकून घेतले, ही गोष्ट मला त्यांच्या कॅमेऱ्याहूनही मोठी वाटते. आमच्या कचेरीत संगणक आले तेव्हा त्याच वयाची मंडळी कशी हबकली होती ते मी पाहिले आहे, आणि हबकणाऱ्यांत मीही होतो.

प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केला. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम घराघरांत पूजले गेले. व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट पहिल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. शेवटी पुष्पक विमान आकाशात जाते तेव्हा माणसे थिएटरात हात जोडत, असे जुने लोक सांगतात. ते विमान सुतारांनी घडवले, रंगाऱ्यांनी रंगवले, आणि कॅमेऱ्यामागे व्ही. अवधूत होते. संकलन ए. आर. शेख यांचे. म्हणजे तुकोबांना वैकुंठाला पोचवणाऱ्यांत कागलचे फत्तेलाल आणि शेख हेही होते. आपल्या भागात यात कोणाला नवल वाटणार नाही, आपल्याकडे अजूनही असेच चालते.

दामले १९४५ मध्ये गेले. प्रभात १९५० नंतर फार टिकली नाही. तिच्याच आवारात १९६० मध्ये सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि साहेबमामांचे सेट जिथे उभे राहत, त्याच छपराखाली मुले छायाचित्रण, ध्वनी आणि संकलनाचे रीतसर शिक्षण घेऊ लागली. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. पुढच्या वेळी अंबाबाईला गेलात तर दहा मिनिटे वाट वाकडी करून पाहून या.

आताच्या मालिकांच्या शेवटी नावांची पट्टी इतकी आखूड करतात आणि इतकी जोरात पळवतात की आमच्या उलट्या वाचनाची पैज त्यापुढे सोपी होती. मोबाइलवर तर ती टाळायचे बटणच असते.

आपल्या मंडळाचा मांडव यंदा ज्यांनी घातला, आरास ज्यांनी उभी केली, आणि दहाही दिवस वायरमन म्हणून जो मागे खुर्ची टाकून बसणार आहे, त्यांची नावे या स्मरणिकेत छापावीत असे मी संपादकांना कळवले आहे. जाहिरातींतून अर्धे पान उरले तर बघू, म्हणाले.