सर्पगंधेने दाखवलेली वाट : पार्किन्सोनिझमच्या उलगड्याची कथा

१/८
हातांचा कंप, ताठरलेले स्नायू, मंदावलेल्या हालचाली आणि ढळणारा तोल या लक्षणसमूहास वैद्यकात पार्किन्सोनिझम म्हणतात. मेंदूतील कोणत्या उणिवेमुळे ही लक्षणे उद्भवतात, हे कळण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्या शोधाची वाट मुंबईवरूनही जाते.

२/८
इ.स. १८१७. खडकीची लढाई झाली तेच वर्ष. लंडनच्या हॉक्स्टन भागातील वैद्य जेम्स पार्किन्सन याने कंपवातावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. आधार अवघ्या सहा रुग्णांचा. त्यांतील काही तर त्याने केवळ रस्त्यावर पाहिलेले. वर्णन अचूक होते, कारण मात्र अज्ञात राहिले.

३/८
पुढे पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को याने दाखवून दिले की, हालचालींतील मंदपणा आणि स्नायूंचा ताठरपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय प्रत्येक रुग्णास कंप असतोच असे नाही. रोगास पार्किन्सनचे नाव रूढ झाले ते त्याच्यामुळेच.

४/८
१९१९ मध्ये त्रेत्याकॉफ याने मृत रुग्णांच्या मेंदूतील ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागाची झीज नोंदवली. रोगाचे स्थान सापडले. परंतु तेथील पेशी नष्ट झाल्याने मेंदूत नेमके काय उणे पडते, हे कोडे कायम राहिले.

५/८
येथे कथेस अनपेक्षित वळण मिळते. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाबाबरोबरच मनोविकारांवरही ते दिले जाऊ लागले.

६/८
मात्र रेझर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत पार्किन्सोनिझमची लक्षणे उमटली. औषध थांबवले की ती बहुधा ओसरत. लक्षणे तीच, पण पेशींची झीज नाही. म्हणजेच उणीव एखाद्या रसायनाची असावी.

७/८
१९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेझर्पीनने निश्चल केलेल्या सशांना एल-डोपा टोचले. ते पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर व होर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीनचीच तूट दाखवली. १९६७ मध्ये कोत्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेणारी उपचारपद्धती मांडली आणि जखडलेले रुग्ण चालू लागले. कार्लसन यांना २००० चे नोबेल मिळाले.

८/८
तरीही मूळ प्रश्न उरतोच. औषधजन्य पार्किन्सोनिझम बहुधा मागे फिरतो. पार्किन्सन रोगात मात्र पेशींचा ऱ्हास सुरूच राहतो. एल-डोपा तूट भरून काढते, ऱ्हास थांबवत नाही. १८१७ मध्ये सुरू झालेला शोध म्हणूनच अद्याप संपलेला नाही.