काचेवरचा हिरवा थर : मत्स्यालयाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रवाळांचे मत्स्यालय पाहताना आपली नजर मासे आणि प्रवाळ यांच्यावर खिळते. मधल्या काचेवर ती थांबत नाही. ही काच काही दिवस पुसली नाही, तर तिच्यावर हिरवट-तपकिरी थर चढतो आणि आतले काहीच नीट दिसेनासे होते. हा थर काढण्यासाठी आज चुंबकांची जोडी वापरतात. एक चुंबक काचेच्या आत, दुसरा बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला त्याच्यामागे फिरतो आणि हात न भिजवता काच स्वच्छ होते. साधन किरकोळ दिसते. पण ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहे, तो मत्स्यालयाइतकाच जुना आहे.

गोगलगाईंची मदत

१८४९ साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका काचपात्रात दोन सोनमासे आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन सोडतात हे इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवले होते. तेव्हा मासे आणि वनस्पती एकमेकांची गरज भागवतील व पाणी बदलावे लागणार नाही, अशी वॉरिंग्टन यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि पात्राच्या भिंतींवर शैवाल वाढले. मग त्यांनी पाण्यात पाच-सहा गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि बुळबुळीत थर दोन्ही खाऊन टाकले. मार्च १८५० मध्ये हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला गेला. मत्स्यालयाचा पाया घालणाऱ्या निबंधांत त्याची गणना होते. म्हणजे काच पुसण्याचा प्रश्न त्या पहिल्या प्रयोगांपासूनच सोबत आला होता.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात फिलिप गॉस यांनी समुद्री गोगलगाय काचेवरचे शैवाल कशी खाते याचे वर्णन केले. भिंगातून पाहताना त्यांना तिची दातेरी जीभ गवत कापणाऱ्याच्या विळ्यासारखी चालताना दिसली. कापलेल्या पट्ट्यांच्या खुणा काचेवर उमटत होत्या. मात्र गोगलगाय थर नाहीसा करत नाही, त्याचे रूपांतर करते. तिच्या विष्ठेतून नायट्रोजन व फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतात आणि नवे शैवाल वाढते.

प्रखर प्रकाशाची किंमत

प्रवाळ पेटीत जगवणे त्या काळी शक्य नव्हते. १९६१ मध्ये इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातून आणलेले, सूक्ष्मजीवांनी भरलेले खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्या साहाय्याने ते प्रवाळ सांभाळत. पुढे बर्लिनमधील हौशी मंडळींनी त्यात फेस काढून सेंद्रिय घाण बाजूला करणाऱ्या यंत्राची आणि प्रखर दिव्यांची भर घातली.

दिवे प्रखर का हवेत? बहुतेक प्रवाळांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याने प्रकाशात तयार केलेल्या अन्नावर प्रवाळ बऱ्याच अंशी जगतो. पण जो प्रकाश आतल्या शैवालाला हवा, तोच काचेवरच्या शैवालालाही मानवतो. शिवाय कॅल्शियमयुक्त पाण्यात गुलाबी-जांभळ्या रंगाची, चुन्याचे कवच धरणारी शैवालेही काचेवर बसतात. त्यांच्यापुढे फडके निरुपयोगी ठरते. पाते लागते आणि जोरही लागतो.

जोर आणायचा कोठून?

पाण्याची खोली वाढली की दर मीटरला सुमारे १० किलोपास्कल दाब वाढतो. म्हणून मोठ्या पेटीची काच जाड असते. दुसरीकडे, दोन चुंबकांमधील अंतर वाढले की त्यांची ओढ झपाट्याने घटते. फेराइट हे स्वस्त, न गंजणारे चुंबक १९५०च्या दशकात बाजारात आले. पातळ काचेला ते पुरतात, जाड काचेला नाही. १९६०च्या दशकातील समॅरियम-कोबाल्ट चुंबक शक्तिमान होते, पण महाग. त्यातच १९७८ मध्ये झाईरमधील अशांततेमुळे कोबाल्टचे भाव भडकले आणि कोबाल्टविना चालेल अशा चुंबकाचा शोध जोरात सुरू झाला. १९८३ मध्ये जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेचे जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक जाहीर केला. तेवढ्याच आकारमानाच्या फेराइटच्या सुमारे दहापट ऊर्जा त्यात साठते. मोटारी आणि संगणकांसाठी झालेल्या या संशोधनाचा लाभ मत्स्यपेटीलाही मिळाला.

नवे बळ, नवी काळजी

या चुंबकात लोह भरपूर आणि निओडिमियम अतिशय क्रियाशील. खारे पाणी लागले की तो गंजतो, फुगतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. अनेकदा त्यावर निकेल व तांब्याचा मुलामा असतो. विरघळलेले तांबे तर प्रवाळ आणि कोळंबी यांना अल्प प्रमाणातही घातक असते. म्हणून चुंबक प्लॅस्टिकच्या आवरणात पूर्ण बंद केलेला असतो. आवरणाला तडा गेला, सांधा फुगला किंवा तांबूस डाग दिसला, तर तो चुंबक पाण्याबाहेर काढावा. पुन्हा वापरू नये.

दुसरी काळजी वाळूची. काचेची कठिनता मोसच्या मापनश्रेणीवर सुमारे ५.५ आणि क्वार्ट्झची ७. पुसणीखाली क्वार्ट्झचा एक कण अडकला तरी काचेवर कायमचा चरा उठतो. प्रवाळवाळूतील ॲरॅगोनाइट काचेपेक्षा मऊ असले, तरी ॲक्रिलिकवर तेही ओरखडे काढते. म्हणून तळाशी वाळूजवळ पुसणी नेऊ नये, आणि प्रत्येक वापरापूर्वी तिचा पृष्ठभाग गोड्या पाण्याने धुऊन बोटाने तपासावा. पाते काचेसाठी वेगळे, ॲक्रिलिकसाठी वेगळे वापरावे.

तिसरी काळजी आपली स्वतःची. मोठे चुंबक अचानक एकमेकांवर आदळून बोट चिरडू शकतात. लहान मुलाने दोन लहान चुंबक गिळले, तर ते आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना ओढून आतड्याला भोक पाडू शकतात. वर्गात असे सुटे चुंबक ठेवू नयेत.

या साधनालाही मर्यादा आहे. जपानमधील ओकिनावा येथे २००२ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयाची मुख्य खिडकी सुमारे ६० सेंटिमीटर जाड ॲक्रिलिकची आहे. एवढ्या जाडीपलीकडे हातातल्या चुंबकाची ओढ पोचत नाही. अशा ठिकाणी पाणबुड्यालाच आत उतरावे लागते.

वर्गात हा विषय घेण्यासाठी मत्स्यपेटीची गरज नाही. निकामी ध्वनिवर्धकांतील दोन फेराइट चुंबक घ्यावेत. त्यांच्यामध्ये वहीची पाने वाढवत न्यावीत आणि कितव्या पानाला वरचा चुंबक हलवूनही खालचा मागे येईनासा होतो, ते मुलांनी नोंदवावे. दुसरा प्रयोग जीवशास्त्राचा. पाण्याच्या दोन बाटल्या खिडकीत ठेवाव्यात, एकीत चिमूटभर खत घालावे आणि काचेवर हिरवेपणा कोठे आधी येतो ते पाहावे. मग मुलांना विचारावे : काच रोज पुसली तर खत कमी होईल का? वॉरिंग्टन यांच्या पात्रापासून आजच्या पेटीपर्यंत उत्तर एकच आहे. चुंबक थर काढतो, त्याचे कारण काढत नाही. थर लवकर येऊ लागला, तर पुसणी बदलण्याआधी पाणी, प्रकाश आणि माशांना घातले जाणारे अन्न तपासावे, असे आम्ही सुचवू.