मुकादमाची पहार आणि ललाटखंड

१३ सप्टेंबर १८४८ चा दिवस. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ लोहमार्गाचे काम चालू होते. वाटेतील खडक सुरुंगाने फोडण्याची जबाबदारी फिनिअस गेज नावाच्या २५ वर्षांच्या मुकादमाकडे होती. खडकात भोक पाडावे, त्यात दारू व वात घालावी, वर वाळू भरावी आणि मग पहारीने ठासावे, असा त्या कामाचा क्रम असे. त्या दुपारी हा क्रम कोठेतरी चुकला आणि दारूने अवेळी पेट घेतला. साडेतीन फुटांहून लांब आणि तेरा पौंडांहून जड अशी ती पहार गेजच्या डाव्या गालातून शिरली, डोळ्यामागून मेंदूच्या पुढच्या भागातून गेली आणि माथा फोडून बाहेर पडली.

गेज मेला नाही. थोड्याच वेळात तो बोलू लागला आणि बैलगाडीत ताठ बसून आपल्या मुक्कामी गेला. पुढे जखम चिघळली, डावा डोळा गेला. पण डॉक्टर जॉन हार्लो यांच्या शुश्रूषेने तो वाचला आणि सुमारे दहा आठवड्यांनी स्वतःच्या घरी परतला.

१८४९ साली बोस्टनच्या वैद्यांनी त्याला तपासले. त्याला चालता येत होते, बोलता येत होते, स्मरणही शाबूत होते. तेव्हा मेंदूचा एवढा भाग गेला तरी माणसाचे फारसे बिघडत नाही, असा ग्रह पसरला. हार्लो यांना मात्र निराळे दिसले होते. पूर्वीचा गेज शांत, हुशार आणि हाती घेतलेले काम तडीस नेणारा होता. अपघातानंतरचा गेज लहरी व हट्टी झाला. तोंडी शिवीगाळ आली. आज एक बेत करावा आणि उद्या तो सोडून द्यावा, अशी त्याची गत झाली. मालकांनी त्याला पुन्हा मुकादमीवर घेतले नाही. ही हकिगत हार्लो यांनी सविस्तर प्रसिद्ध केली ती १८६८ साली, म्हणजे गेजच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. १८७८ मध्ये डेव्हिड फेरिअर यांनी लंडनमधील व्याख्यानांत तिचा आधार घेतला, तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वळले.

कपाळामागच्या या भागास ललाटखंड म्हणतात. त्याच्या मागच्या कडेवरून हातापायांच्या हालचालींस आज्ञा सुटतात. बहुतेकांत डाव्या बाजूच्या खालच्या भागावर वाणी अवलंबून असते. हे पॉल ब्रोका यांनी १८६१ पासून दाखवून दिले. सर्वांत पुढचा भाग माणसाला आवर घालतो. आधी काय करावे, नंतर काय करावे, मनात आलेला कोणता शब्द गिळावा, आजच्या मोहापेक्षा उद्याचे हित कसे पाहावे, हा विचार त्याच्या साहाय्याने होतो. हा भाग पक्व होण्यास वयाची विशी उलटावी लागते.

हे अर्धवट ज्ञान पुढे घातकही ठरले. नोव्हेंबर १९३५ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मनोरुग्णांच्या ललाटखंडातील तंतू नष्ट करण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९३६ साली वॉल्टर फ्रीमन यांनी ती अमेरिकेत नेली आणि १९४६ पासून तर ते डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार हत्यार घालून ती उरकू लागले. हजारो रुग्णांवर हा प्रयोग झाला. कित्येकांचा क्षोभ शमला खरा, पण त्याबरोबर उमेद आणि स्वत्वही गेले. १९४९ साली मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने ही शस्त्रक्रिया निषिद्ध ठरविली. १९५२ नंतर क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे आली आणि ती हळूहळू मागे पडली. शांत झालेला रोगी म्हणजे बरा झालेला रोगी, असा हिशेब करणाऱ्यांनी गेजच्या कथेतला इशारा ऐकला नव्हता.

त्या कथेचा उत्तरार्धही पुष्कळ काळ दुर्लक्षित राहिला. १८५२ साली गेज चिलीला गेला आणि तेथे त्याने काही वर्षे घोड्यांच्या उतारू गाड्या हाकल्या. घोड्यांची निगा राखणे, वेळ पाळणे, अवघड रस्त्यावर लगाम सांभाळणे ही कामे बेभरवशाच्या माणसाची नव्हेत. यावरून माल्कम मॅकमिलन या इतिहाससंशोधकाने असे मत मांडले की, नियमित कामाच्या शिस्तीने गेजचे बिघडलेले वर्तन पुष्कळसे सावरले असावे. प्रकृती ढासळल्यावर १८५९ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला आणि मे १८६० मध्ये आकडीच्या विकाराने वारला.

त्याची कवटी आणि ती पहार आज हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत. मेंदूला इजा झालेला माणूस कायमचा वाया गेला, असे ठरविण्यापूर्वी त्या कवटीबरोबर चिलीतील त्या वर्षांचाही विचार झाला पाहिजे. ललाटखंड दुखावला तर माणसाचा तोल जातो. परंतु काम, शिस्त आणि भोवतालच्या माणसांचा धीर यांच्या आधाराने तो काही अंशी परत मिळविताही येतो.