घरगुती चार्जिंगची निवड आणि अमेरिकेतील पहिले विद्युत मोटारयुग (१९००–१९२०) : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
विद्युत मोटार हे एकविसाव्या शतकाचे अपत्य आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः १९०० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी १,५७५ मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलवरील मोटारींची संख्या एक हजाराहूनही कमी होती. पुढील दोन दशकांत हे चित्र पूर्णपणे पालटले. या पराभवाची मीमांसा करताना बॅटरीचे वजन, मर्यादित पल्ला, १९०८ ची फोर्ड मॉडेल टी आणि १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आलेला चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर ही कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. ती यथार्थच आहेत. परंतु मोटार रात्री कोठे व कशी चार्ज करावयाची, हा ग्राहकासमोरील रोजचा प्रश्न या चर्चेत मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

प्रवाहाचा पेच :
बॅटरी केवळ एकदिश, म्हणजेच डीसी, प्रवाहावर चार्ज होते. एडिसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर उभारलेल्या केंद्रातून हाच प्रवाह पुरविला जात असे. मात्र तो दूरवर वाहून नेणे परवडत नसे. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली ती प्रत्यावर्ती, म्हणजेच एसी, स्वरूपात. परिणामी महानगरांच्या दाट मध्यभागी एकदिश, तर विस्तारणाऱ्या उपनगरांत बहुधा प्रत्यावर्ती प्रवाह अशी विभागणी झाली. येथेच विसंगती निर्माण झाली. मध्यवस्तीत योग्य वीज होती, पण मोटार ठेवण्यास जागा दुर्मीळ होती; उपनगरातील बंगल्यात जागा होती, पण तेथील वीज बॅटरीला थेट चालत नव्हती.

ग्राहकापुढील तीन पर्याय :
एकदिश पुरवठा असलेल्या घरी केवळ एक रिओस्टॅट, म्हणजे बदलता रोधक, पुरेसा होता. शिसे-आम्ल बॅटरीच्या एका घटाचा दाब चार्जिंगच्या अखेरीस सुमारे २.५ व्होल्ट होतो. चाळीस घटांची बॅटरी ११० व्होल्टच्या पुरवठ्यावर जोडल्यास सुमारे १०० व्होल्ट उपयोगी पडत व रोधकात थोडीच वीज वाया जाई. चोवीस घटांच्या बॅटरीत मात्र हा दाब ६० व्होल्टपर्यंतच पोहोचे आणि उरलेल्या विजेची निव्वळ उष्णता होई. म्हणजेच मोटारीची निवड आणि घरच्या विजेचे स्वरूप या परस्परांत गुंतलेल्या बाबी होत्या.

प्रत्यावर्ती पुरवठ्यावर मोटर-जनरेटर संच हा दुसरा पर्याय होता. तो भक्कम, परंतु अवजड व आवाज करणारा असून दोन यंत्रांतून जाताना वीज दोनदा खर्ची पडे. तिसरा पर्याय पीटर कूपर ह्युइट यांनी १९०२ मध्ये शोधलेल्या पारा-चाप एकदिशकारकाचा. निर्वात काचपात्रातील पाऱ्याच्या वाफेत विद्युत चाप निर्माण करून हे उपकरण फिरत्या भागाविना प्रवाह एकदिश करी. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ते घरगुती गॅरेजसाठी बाजारात आणले. काचपात्र कालांतराने बदलावे लागे. तरीही उपनगरी ग्राहकाची अडचण प्रथमच समाधानकारकरीत्या सुटली. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही मोटार वापरीत, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

घराबाहेरील व्यवस्था :
तंत्रज्ञानाने प्रश्न सुटला, तो ज्यांच्या घरी वीज आणि गॅरेज दोन्ही होते त्यांच्यापुरता. १९०७ मध्ये अमेरिकेतील केवळ आठ टक्के घरांत वीज होती. १९२० मध्येही हे प्रमाण सुमारे ३५ टक्केच होते. इतरांना मासिक शुल्क देऊन सार्वजनिक गॅरेजवर अवलंबून राहावे लागे. हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१० ते १९२४ या काळात बॅटरी बदलून देण्याची सेवा चालविली. ग्राहक बॅटरीविना वाहन विकत घेई आणि मासिक शुल्क व अंतरानुसार आकार भरी. ही योजना यशस्वी ठरली. तथापि तिचा मुख्य आधार व्यापारी मालवाहू वाहने हा होता. सामान्य कुटुंबाला असा आधार क्वचितच लाभला.

वर्तमान संदर्भ :
आज एकदिशकारक मोटारीतच बसविलेला असतो. भारतीय घरातील १६ अँपिअरच्या सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॉट शक्ती मिळते व ३० किलोवॉट-तासांची बॅटरी नऊ-दहा तासांत भरते. ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरील चार्जरने हा कालावधी निम्म्याहून कमी होतो. मात्र मोटारीतील चार्जर ३.३ किलोवॉटचाच असल्यास जादा खर्च निष्फळ ठरतो. मंजूर वीजभार व उत्तम अर्थिंग पाहिले की तांत्रिक निवड फारशी कठीण राहत नाही.

जागेचा प्रश्न मात्र कायम आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी राहत्या घरी विद्यमान जोडणीवरून चार्जिंगची मुभा स्पष्ट केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये नमुना इमारत उपविधींत २० टक्के वाहनतळ क्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविण्यात आली. परंतु मुंबई-पुण्यातील जुन्या गृहनिर्माण संस्थांत मीटर एका कोपऱ्यात, वाहनतळ दुसरीकडे आणि मधली भिंत सर्वांच्या मालकीची, अशी स्थिती असते. ज्याला स्वतःचा वाहनतळ नाही, त्याच्यापुढे तर निवडच उरत नाही.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, पहिल्या विद्युत मोटारयुगात चार्जिंगची सोय ही उपकरणाइतकीच घराची बाब होती. पारा-चाप एकदिशकारकाने प्रवाहाचा पेच सोडविला, पण घर व जागा यांतील विषमता त्याच्या आवाक्याबाहेर होती. विद्युत मोटार संपन्न नागरी कुटुंबांपुरती सीमित राहिली, त्यामागे किमतीबरोबर हेही एक कारण होते. म्हणूनच आजचे धोरण चार्जरवरील सवलतीपाशी थांबता कामा नये. सामाईक जागेतील वीजजोडणीचा हक्क, तिचा खर्च व सुरक्षेची जबाबदारी निश्चित करणे अधिक निकडीचे आहे.